रिकाम्या घरांची वही

घरांत माणूस राहत नाहीं, एवढीच गोष्ट सांगावयाची असली तरी मराठी माणूस ती पांच-सहा तऱ्हांनीं सांगतो. घर रिकामें असतें, मोकळें असतें, बंद असतें, ओस असतें, पडीक असतें, आणि कांहीं घरांना नुसतेंच ‘कुलूप असतें.’ या शब्दांच्या छटा एक नव्हेत. मोकळें घर म्हणजे ज्यांत कोणी तरी यावयाचें आहे असें. बंद घराचा धनी कोठें तरी आहे, उद्यां-परवां येईल. ओस घराचें माणूस आतां येणार नाहीं. आणि पडीक घराला तर स्वतःचें वजनहि पेलत नाहींसें झालेलें असतें. कुलूप असलेल्या घराविषयीं मात्र शब्दानें कांहींच कळत नाहीं. तें कुलूप कोणीं, केव्हां आणि कां लावलें हें शेजाऱ्यास विचारावें लागतें, आणि मुंबईसारख्या शहरांत शेजाऱ्यासहि तें ठाऊक असेलच असा भरंवसा नाहीं.

शब्दांची ही श्रीमंती शहराच्या दप्तरांत उतरलेली नाहीं. आपल्या हद्दींतील कोणकोणतीं घरें रिकामीं आहेत हें शहराला माहीत असतें काय, आणि असल्यास तें कोणत्या वहींत लिहून ठेवतें, या प्रश्नाच्या पाठीमागें मी गेलीं दोन-तीन वर्षें लागलों आहें. माझ्या एका स्नेह्यानें त्यावर ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण मला ऐकविली; पण विषयच भिंतींचा आणि रिकामपणाचा असल्यामुळें ती मला अगदींच अप्रस्तुत वाटली नाहीं. या खटाटोपांत जें हातीं लागलें तें असें कीं, जीं घरें रिकामीं असावयास हवीं परंतु भरलेलीं आहेत, त्यांची यादी मुंबई शहर मोठ्या काळजीनें ठेवतें. जीं भरलेलीं असावयास हवीं परंतु रिकामीं आहेत, त्यांची यादी मात्र कोणाजवळच नाहीं. आणि थोडें खोल गेल्यास या दोन्ही गोष्टींचें मूळ एकच निघतें.

पहिली यादी मुंबईकरांच्या परिचयाची आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ती दरवर्षीं वर्तमानपत्रांतून झळकते. बेटावरील जुन्या, भाड्यानें दिलेल्या इमारतींची दुरुस्ती करण्यासाठीं १९६९ च्या कायद्यानें एक मंडळ निर्माण झालें. या इमारतींवर उपकर बसवावा आणि त्या पैशांतून त्यांना टेकू द्यावा, अशी ती योजना. त्या वेळीं उपकराच्या कक्षेंत १९,६४२ इमारती आल्या. त्यांपैकीं १६,५०२ तर १ सप्टेंबर १९४० च्याहि पूर्वींच्या होत्या. हें मंडळ पुढें म्हाडांत सामील झालें, आणि या इमारतींपैकीं ‘अतिधोकादायक’ कोणत्या हें पाहणी करून जाहीर करण्याचें काम तेंच करतें. महापालिकेची वर्गवारी निराळी आहे. तिच्या हिशेबीं ‘सी-१’ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडून टाकावयाची इमारत, त्याखालीं ‘सी-२’चे दोन पोटभेद, एकांत माणसें हलवून डागडुजी, दुसऱ्यांत न हलवितां, आणि शेवटीं किरकोळ दुरुस्तीचा ‘सी-३.’ परीक्षेंतील श्रेणींची ज्याला संवय आहे अशा माझ्यासारख्या शिक्षकाला या क्रमाचें एक चमत्कारिक वाटतें: येथें पहिला वर्ग मिळविणें म्हणजे मृत्युपत्र हातीं येणें.

आणि तरीहि लोक त्या घरांतून निघत नाहींत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजीं भेंडीबाजारांतील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसें मेलीं. घर सोडा, असें तेथील रहिवाशांना आधींच सांगण्यांत आलें होतें. कांहीं कुटुंबें गेलीं, कांहीं राहिलीं. जून २०२२ मध्यें कुर्ल्याच्या नाईकनगरांत १९ माणसें गेलीं. ती इमारत मोडकळीस आल्याची सूचनाहि कित्येक वर्षें जुनी होती. अशा बातमीनंतर आपल्या सुशिक्षित घरांतून एक उद्गार हमखास ऐकूं येतो: ‘इतकें सांगूनहि लोक राहतातच कसे?’ या उद्गारांत कीव थोडी आणि उपहास अधिक असतो. मी स्वतः त्या लोकांना अडाणी म्हणावयास तयार नाहीं. छत अंगावर पडण्याचा संभव आणि एकदां बाहेर पडल्यावर परत न येण्याचा संभव, या दोहोंची तुलना ते करतात. आणि दुसरा संभव त्यांना पहिल्यापेक्षां पुष्कळच निश्चित वाटतो. संक्रमण शिबिर या नांवाच्या जागीं थोड्या दिवसांसाठीं म्हणून गेलेलीं बिऱ्हाडें त्यांनीं पाहिलेलीं आहेत. तेथें पाळण्यांत गेलेलीं मुलें तेथूनच बोहल्यावर चढलीं. ‘घर पाहावें बांधून’ या जुन्या म्हणीला या शहरानें एक जोड दिली आहे: घर पाहावें रिकामें करून.

आतां दुसऱ्या यादीकडे, म्हणजे नसलेल्या यादीकडे वळूं. रिकाम्या घरांची मोजदाद आपल्याकडे मुळींच होत नाहीं असें नव्हे. ती शिरगणतींत होते. गणनेच्या पहिल्या फेरींत गणक घरोघर जातो, दारावर क्रमांक घालतो आणि घराचा उपयोग कशासाठीं होतो तें टिपून घेतो. त्यांत ‘रिकामें’ असाहि एक प्रकार आहे. २०११ च्या शिरगणतींत भारताच्या शहरांतून सुमारें १ कोटि ११ लक्ष घरें रिकामीं आढळलीं, आणि २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनें या आंकड्यांकडे बोट दाखविलें तेव्हां त्यांत मुंबईचा क्रमांक सर्वांत वर होता: सुमारें ४ लक्ष ८० हजार. दिल्ली आणि बंगळूर यांत प्रत्येकीं सुमारें ३ लक्ष. हींच वर्षें अशीं होतीं कीं, शहरांतून घरांचा तुटवडा किती हें ठरविण्यास सरकारनें नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटानें २०१२ सालीं तो १ कोटि ८८ लक्षांच्या घरांत असल्याचें सांगितलें. एका हाताला तुटवडा, दुसऱ्या हाताला रिकामीं घरें. आणि दोन्ही हात एकाच देहाचे.

पण शिरगणतीचा आंकडा हा आंकडाच राहतो. १९४८ च्या शिरगणती कायद्याच्या पंधराव्या कलमानें गणकाच्या नोंदी कोणास पाहतां येत नाहींत, आणि पुरावा म्हणून न्यायालयांतहि चालत नाहींत. ही मनाई योग्यच आहे. ती नसती तर कोणीं गणकाला खरें उत्तर दिलें असतें? परंतु तिचा परिणाम असा कीं, कोणत्या दाराला कुलूप आहे हें ज्या एका सरकारी माणसानें डोळ्यांनीं पाहिलें, त्यालाच तें बोलण्याची बंदी आहे. शहराला आपल्या रिकाम्या घरांची बेरीज ठाऊक आहे, पत्ते ठाऊक नाहींत.

नेहमीं असेंच होतें असें मात्र नाहीं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या मूळ कायद्यांत रिकाम्या घराला मोठ्या सहानुभूतीनें वागविलें आहे. घर ठराविक काळ रिकामें राहिलें तर त्यावरील कराचा कांहीं भाग मालकास परत मिळावा, अशी सोय त्यांत केली. अट एवढीच कीं, घर रिकामें झाल्याची वर्दी त्यानें आयुक्ताला द्यावी, वर्दी नाहीं तर परतावा नाहीं. घर रिकामें पडणें ही त्या पिढीच्या दृष्टीनें मालकावर आलेली एक आपत्ति होती, जसें शेतकऱ्याला अवर्षण. आणि वर्दी दिल्यानें खिशांत चार पैसे पडत असल्यामुळें मालक आपण होऊन कचेरीचा जिना चढणार, हें कायदा करणाऱ्यांनीं ओळखलें होतें. लोकांकडून खरी माहिती काढण्याची याहून साधी युक्ति मला तरी माहीत नाहीं.

पुढें आठच वर्षांनीं शहरावर रिकामपणाची खरोखरीची लाट आली. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवींत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचें निदान केलें, आणि लोक आगगाड्या-बोटींनीं शहर सोडूं लागले. १८९१ च्या शिरगणतींत ८,२१,७६४ असलेली वस्ति १९०१ मध्यें ७,७६,००६ वर आली, यावरून तो घाव किती खोल होता हें समजेल. त्या दिवसांत सरकारची वही कागदाची नव्हती, भिंतीची होती. ज्या घरांत प्लेगचा रोगी सांपडे त्याच्या भिंतीवर तारखेसह वर्तुळ काढीत. एकेका दाराशेजारीं अशीं वर्तुळें ओळीनें दिसत. जें घर माणसांनीं राहण्यास अयोग्य ठरे त्यावर ‘यू. एच. एच.’ हीं तीन अक्षरें रंगवीत, आणि ऊन आंत शिरावें म्हणून कौलेंहि काढून टाकीत. घराविषयींचा सरकारचा निर्णय रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाहि वाचतां यावा, ही त्या नोंदीची क्रूर परंतु स्वच्छ रीत होती.

रिकाम्या घराची खरीखुरी सक्तीची नोंद मुंबईंत सुरू झाली ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, आणि आजच्या अडचणीची गांठ तेथेंच बसलेली आहे. युद्धानें घरबांधणी थांबलेली, फाळणीनें निर्वासितांचे लोंढे आलेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें १९४० च्या पातळीशीं बांधून टाकलें. त्याच्या पाठोपाठ आला १९४८ चा जमीन-ताबा कायदा. नांव जमिनीचें असलें तरी त्याचें सहावें कलम घरांविषयींचें होतें. अधिसूचित क्षेत्रांत एखादी जागा रिकामी झाली कीं घरमालकानें नेमलेल्या अधिकाऱ्यास ठराविक नमुन्यांत तसें कळवावें. कळविल्यावांचून आणि मुदत उलटल्यावांचून ती दुसऱ्यास देऊं नये. आणि सरकारला वाटल्यास त्यानें ती जागा सार्वजनिक कामासाठीं ताब्यांत घेऊन आपल्या पसंतीच्या माणसास राहावयास द्यावी. या हुकमानें मुंबईच्या रिकाम्या घरांचे नुसते आंकडेच नव्हे, तर पत्तेहि प्रथमच एका कचेरींत गोळा होऊं लागले. अशी पद्धतशीर वही या शहरानें त्यानंतर पुन्हां ठेवलेली नाहीं.

हेतूबद्दल शंका घेण्याचें कारण नाहीं. रस्त्यावर कुटुंबें पडलीं असतां घराला कुलूप घालून बसणें कोणत्याहि समाजाला शोभणारें नव्हतें. पण ताबा म्हणजे तात्पुरता ताबा, हें कायद्याच्या पोटांत असलेलें तत्त्व प्रत्यक्षांत कोठें तरी हरवलें. १९५१ मध्यें सरकारनें ताब्यांत घेतलेल्या एका जागेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९८४ सालीं लागला. तात्पुरता ताबा तीस-तीस वर्षें चालूं शकत नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें. तेवढ्यानें प्रश्न मिटला नाहीं. १९९४ मध्यें घटनापीठाला तोच मुद्दा पुन्हां पाहून, अशा जागा परत कराव्या लागतील असें म्हणावें लागलें. मग काय झालें? १९९६ सालीं राज्यानें भाडेकायदाच बदलला, आणि सरकारनें ज्यांना त्या जागा दिल्या होत्या ते सारे त्या त्या मालकाचे कायदेशीर भाडेकरू ठरले. हा बदल २००३ मध्यें सर्वोच्च न्यायालयांतहि टिकला. जे तेथें दोन पिढ्या राहिले त्यांना रस्त्यावर काढणें अन्यायाचेंच झालें असतें, हें मी मान्य करतों. परंतु ज्या मालकानें १९५१ मध्यें प्रामाणिकपणें वर्दी दिली असेल, त्याच्या नातवाला यांतून काय शिकावयास मिळालें? घर रिकामें झाल्याचें सरकारला सांगितलें कीं तें आपलें राहत नाहीं, हाच तो धडा. आणि मुंबईच्या मालकवर्गानें तो एकाच वाचनांत पाठ केला.

भाडेकरूला हाच धडा दुसऱ्या कलमानें शिकविला. भाडेकरूनें सबळ कारणावांचून सहा महिने जागेचा उपयोग केला नाहीं, तर मालकाला ती परत मागतां येते. १९४७ च्या कायद्यांत हें कलम होतें, आणि ३१ मार्च २००० पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यांतहि तें आहे. या कलमानें गिरगांव-दादरच्या चाळींतून एक स्वतंत्र संस्कृतीच निर्माण केली. माझे मामा मुलें मोठीं झाल्यावर डोंबिवलीला राहावयास गेले, पण गिरगांवांतील दोन खोल्यांचें बिऱ्हाड त्यांनीं सोडलें नाहीं. मी तेव्हां कॉलेजांत शिकत होतों व वसतिगृहांत राहत होतों. तेव्हां दर शनिवारीं रात्रीं त्या खोल्यांत जाऊन झोपण्याचें काम माझ्याकडे आलें. मामांच्या सूचना अगदीं काटेकोर असत. थंडी असली तरी पंखा लावावयाचा, कारण मीटर फिरलें पाहिजे. सकाळीं अर्धा लिटर दूध घ्यावयाचें, कारण उद्यां दूधवाल्याची साक्ष काढावी लागली तर त्याला कांहीं तरी आठवलें पाहिजे. पत्रें पोस्टमनच्या हातून घ्यावयाचीं, दाराच्या फटीखालून उचलावयाचीं नाहींत. मी जिना चढूं लागलों कीं पहिल्या मजल्यावरच्या आजी हंसून विचारीत, “आलास का रे पुरावा द्यायला?” मी त्या खोल्यांत राहत नव्हतों, कोणी तरी राहतें आहे हें सिद्ध करीत होतों. दिवाळीच्या आकाशकंदिलाची तर गोष्टच नको. तो चाळींतील सर्वांत मोठा आणि सर्वांत उशिरां उतरविला जाणारा कंदील असे.

त्याच चाळींत वरच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला मालकाचें स्वतःचें बिऱ्हाड होतें. त्याला मला आठवतें तेव्हांपासून कुलूप होतें. दारावरचें आंब्याच्या पानांचें तोरण वाळून काळें पडलें होतें आणि कुलुपाला गंज चढून त्याचा रंग कोयंड्याच्या रंगांत मिसळून गेला होता. मामांनीं सहा महिने खोली बंद ठेवली तर तीं वकिलाच्या नोटिशीला आमंत्रण देतील. मालकानें साठ वर्षें बंद ठेवली तरी त्याला विचारणारें कलम नव्हतें. मला वाटतें, मुंबईच्या कायद्याचें यापेक्षां सोपें वर्णन करतां येणार नाहीं. एकाला घर न सोडल्याचा पुरावा जन्मभर जमवावा लागतो, आणि दुसऱ्याला घर न वापरल्याचें कारण एकदांहि द्यावें लागत नाहीं.

इतर देशांतील शहरें या बाबतींत काय करतात हें पाहणें अशा वेळीं स्वाभाविक आहे. २०२३ सालीं कांहीं आठवडे मी मुलीकडे अमेरिकेंत बाल्टिमोर येथें राहिलों. तेथें विटांचीं, एकमेकांस चिकटून बांधलेलीं घरें मैलच्या मैल पसरलेलीं आहेत. फिरावयास निघालें कीं मधूनच एखाद्या घराच्या खिडक्या लांकडी फळ्यांनीं बंद केलेल्या दिसत, आणि क्वचित् भिंतीवर एक लाल चौकोनी पाटी. प्लेगच्या वर्तुळांची मला आठवण झाली. ही पाटी आग विझविणाऱ्यांसाठीं असते: हें घर रिकामें आहे, आंत शिरण्यापूर्वीं विचार करा. २४ जानेवारी २०२२ रोजीं स्ट्रिकर स्ट्रीटवरील अशाच एका रिकाम्या घराला आग लागली आणि तें कोसळून तिघे अग्निशामक मेले; तेंच घर २०१५ मध्यें एकदां जळून गेलें होतें. त्या शहराची वस्ति १९५० मध्यें ९,४९,७०८ होती, ती २०२० मध्यें ५,८५,७०८ झाली. माणसें गेलीं, भिंती उरल्या. २०१० च्या सुमारास तेथें रिकाम्या म्हणून नोटीस बजावलेल्या इमारतींची संख्या सुमारें १६,००० होती, आणि ही संख्या पत्त्यांसकट होती. मालकानें अशा घराची दरवर्षीं नोंद करून शुल्क भरावयाचें, घर बंदिस्त ठेवावयाचें, अंगण साफ ठेवावयाचें. जवळच्या विल्मिंग्टन शहरानें २००३ मध्यें त्यापुढें जाऊन शुल्काला वय जोडलें: घर एक वर्ष रिकामें राहिलें तर ५०० डॉलर, दोन वर्षें राहिलें तर १,०००, तीन वर्षांनंतर २,०००, पांच वर्षांनंतर ३,५००, दहा वर्षांनंतर ५,००० आणि मग दरसाल आणखी ५०० ची भर. आपल्या १८८८ च्या कायद्यानें रिकाम्या घराला सूट दिली. यांनीं त्याच्यावर चढत्या व्याजासारखा भार घातला.

पण बाल्टिमोरची वही उचलून मुंबईंत आणण्यांत अर्थ नाहीं. तेथील रिकामीं घरें कोणालाच नकोशीं झालेलीं. आपलीं रिकामीं घरें सर्वांना हवींहवींशीं वाटणारीं. तेथें मालक घर टाकून पळतो, येथें तो तें धरून बसतो. आपल्या दुखण्याशीं अधिक जुळणारा दाखला कॅनडांतील व्हँकुव्हर शहराचा. घरांच्या किंमती आभाळाला भिडल्या आणि भाड्यानें जागा मिळेना, तेव्हां त्या शहरानें २०१७ पासून रिकाम्या घरांवर निराळा कर बसविला. प्रारंभीं तो घराच्या करपात्र किंमतीच्या १ टक्का होता, २०२१ च्या वर्षापासून ३ टक्के झाला. त्यांतील मला आवडलेली गोष्ट कराची नव्हे, पुराव्याची. प्रत्येक मालकानें दरसाल आपल्या घरांत कोणी राहतें कीं नाहीं हें जाहीर करावयाचें; जो कांहींच सांगणार नाहीं त्याचें घर रिकामें समजलें जाईल. मौनाचा अर्थ काय लावावयाचा हें त्यांनीं आधींच ठरवून टाकलें आहे. मुंबईंत आजवर मौनाचा सारा लाभ मालकालाच मिळत आला.

माझे कांहीं मित्र मालकांच्या बाजूनें बोलतात. एकदां भाडेकरू आंत शिरला कीं तो जात नाहीं, म्हणून घर कुलुपांत ठेवलेलें बरें, हा त्यांचा युक्तिवाद. १९९० मध्यें मी तो निमूटपणें ऐकून घेतला असता. आज त्यांत फारसा जीव राहिलेला नाहीं. २००० सालच्या कायद्यापासून अकरा महिन्यांच्या करारानें जागा देतां येते, करार लेखी व नोंदलेला असावा लागतो, आणि मुदत संपतांच जागा परत मिळविण्यासाठीं मालकाला निराळा, जलद मार्ग दिलेला आहे. घर भाड्यानें दिल्यानें तें गमावण्याची मालकाची भीति कायद्यानें पुष्कळ अंशीं काढून टाकली. तरीहि कुलुपें आहेतच. नव्या उंच इमारतींत तर अधिक आहेत. रात्रीं नऊ वाजतां अशा एखाद्या मनोऱ्याकडे पाहावें आणि दिवे मोजावेत. तेथें घर हें राहण्याचें ठिकाण नव्हेच. ती बँकेंत ठेवावी तशी ठेव आहे, आणि ठेवीला भाडेकरूचा संसर्गहि नको असतो. अशा ठेवीची वर्दी घेण्यास आणि तिच्यावर चढता कर बसविण्यास शहरानें आतां कचरूं नये. मात्र त्या वहीचा उपयोग कर घेण्यापुरताच व्हावा. तींत नांव लिहिलें म्हणून कोणाचेंहि घर कोणाला वांटून दिलें जाऊं लागलें, तर दुसऱ्याच वर्षीं त्या वहीचीं पानें कोरीं राहतील.

भाडेकरूची भीति मात्र जेथल्या तेथें आहे. कागदावर त्याचें संरक्षण होत नाहीं असें नाहीं. इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क तीबरोबर नाहींसा होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें सांगितलें. त्याच वर्षीं मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें असाहि दंडक घातला गेला कीं, धोकादायक इमारत पाडण्यापूर्वीं महापालिकेनें प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यांतील जागा मोजून तिची नोंद ठेवावी. हें लहान पाऊल नव्हे. घराची नोंद तें रिकामें होण्यापूर्वीं, राहणाऱ्याच्या नांवासह व्हावी, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासांत पुष्कळ उशिरां आली, पण आली.

गेल्या उन्हाळ्यांत गिरगांवांतील एका ओळखीच्या बाईंनीं मला तो कागद दाखविला. वय ऐंशीच्या पुढें, बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, इमारत ‘सी-१.’ खालचे दोन मजले निम्मे रिकामे झाले होते आणि जिन्याच्या कठड्याला सुतळीनें बांबू बांधले होते. त्यांनीं तो कागद प्लॅस्टिकमध्यें घालून देव्हाऱ्याच्या खालच्या खणांत, पंचांगाशेजारीं ठेवला होता. चष्मा पुसून मला म्हणाल्या, “सर, तुम्हीं जरा नीट वाचून सांगा.” मीं वाचून सांगितलें: नांव बरोबर आहे, खोलीचा क्रमांक बरोबर आहे, क्षेत्रफळ चौरस फुटांत लिहिलें आहे, शिक्का आहे, सही आहे. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

“तें सगळें मुलानंहि वाचलं,” त्या म्हणाल्या. “परत केव्हां यायचं, ती तारीख कुठं आहे?”

मीं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. त्यांनीं तो माझ्या हातून घेतला, पुन्हां प्लॅस्टिकमध्यें सरकविला आणि चहा टाकण्यासाठीं आंत गेल्या.